इमानवाला : आठवणींचा धागा

धागा काढणारा, वर्गमित्र, पारोळा

दर 15 ऑगस्टला आमच्या जुन्या शाळेत झेंडावंदन झालं की आठ वर्षांपूर्वी हवाई दलात ड्यूटीवर गेलेल्या आमच्या वर्गमित्राच्या फोटोला हार घालतात. यंदा हार घालायला मला बोलावलं होतं. पाचवीतल्या एका पोराने विचारलं, "काका, हे पायलट होते ना?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचे पाहुणे म्हणाले, "हो हो, फायटर पायलट." फोटोत दंडावरच्या दोन पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या. तो कॉर्पोरल होता. इंजिनाचा फिटर.

मी तिथे काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. आठ वर्षांत तो पायलट झाला, आणखी आठ वर्षांनी काय होईल कुणास ठाऊक. गावात त्याला 'इमानवाला', म्हणजे विमानवाला, म्हणायचे. पारावर कुणी विचारलं, "इमान उडाडस का रे भो?" की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "मी उडाडस नही, उडाले लायक करस." हे वाक्य ऐकलेली माणसं अजून आहेत. म्हणून हा धागा.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगतो. नाव लिहायचं नाही. त्याच्या आईने तेवढं एकच सांगितलं आहे. नाव कमानीवर आहे, शाळेच्या फळ्यावर आहे, तिथे पुरे. अपघात कसा झाला यावर चर्चा नको. तो ईशान्येकडे हेलिकॉप्टरच्या तुकडीसोबत गेला होता, ड्यूटीवर होता, वय 25. चौकशी ज्यांनी करायची त्यांनी केली. अहिराणीत लिहिलं तरी चालेल, उलट बरंच.

माझ्याकडून एवढंच. अकरावी-बारावीला आम्ही दोघं एकाच सायकलवर पारोळ्याला यायचो. जाताना तो चालवायचा आणि येताना मी. चढ सगळा येताना लागतो हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

भरतीची पोरं पळवणारा, पारोळा तालुका

मी मास्तर वगैरे नाही. सैन्यातून लवकर परत आलो आणि सकाळी पोरं पळवतो. बोरी धरणाच्या कालव्याची भर हेच आमचं मैदान. आमच्याकडे येणारी दहातली नऊ पोरं आर्मी, पोलीस नाहीतर एसआरपीची. हा एकटा म्हणाला, मला एअर फोर्सच्या एक्स ग्रुपला, म्हणजे टेक्निकलला बसायचंय. मला तरी कुठे माहीत होतं! त्यानेच मला समजावलं : बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र पाहिजे, इंग्रजीत 50 टक्के पाहिजेत, आधी लेखी, मग धावणं. तेव्हा 1.6 किलोमीटरला आठ मिनिटं होती. तो पहिल्या दिवशी नऊच्या वर आला आणि ओकला.

त्याचं धावणं कधीच देखणं नव्हतं. पाय आपटत पळायचा. पण घड्याळ बघून पळायचा. प्रत्येक चारशे मीटरला किती सेकंद लागले ते तळहातावर पेनाने लिहायचा. घामाने पुसलं की चिडायचा.

परीक्षेला मुंबईला, कॉटन ग्रीनला जायचं होतं. पारोळ्याला रेल्वे नाही. चाळीसगावपर्यंत एसटी, पुढे जनरल डबा. मी सोबत गेलो नाही, तेव्हा कापूस वेचणी चालू होती. ते अजून मनात आहे. तो गेला एकटाच आणि पास होऊन आला तोही एकटाच. मला फोन करून म्हणाला, "सर, सात मिनिटं दहा." इंग्रजीच्या पेपरबद्दल अवाक्षर काढलं नाही. खरी भीती त्याचीच होती.

बहीण, सध्या चाळीसगाव

हा धागा काढायला मी आधी नको म्हटलं होतं. मग वरचं 'सात मिनिटं दहा' वाचलं. हे आम्हाला माहीत नव्हतं. घरी त्याने फक्त "व्हयनं" एवढंच सांगितलं होतं.

माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. बेळगावला सांबऱ्याला ट्रेनिंग झालं आणि पहिल्या सुट्टीला आला तेव्हा आईने ओळखलंच नाही म्हणतात तसं काही झालं नाही. आईने लांबून चालीवरून ओळखलं, पाय आपटत चालतो म्हणून. केस मात्र बघवत नव्हते.

त्या सुट्टीत एक प्रकार झाला. आमच्या विहिरीवर मोटरची खोली आहे. आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, हत्यारं तिथे एका पोत्यात. काही बिघडलं की पोतं उलटं करायचं आणि शोधायचं, त्यात रात्रीची लाईट, हातात बॅटरी. ह्याने दोन दिवस खपून भिंतीला चुना मारला, खिळे ठोकले, आणि प्रत्येक पाना, पक्कड, पेचकस भिंतीला टेकवून त्याच्याभोवती कोळशाने रेघ ओढली. नंतर त्यावरून काळा ऑइल पेंट दिला. ज्याची आकृती त्याची तीच जागा. आप्पा म्हणाले, "येडा व्हई गया का रे? मी काय ल्हान पोऱ्या शे?" तर म्हणे, "आप्पा, तुम्ही काम झालं की भिंतीकडे नुसतं बघायचं. रिकामी आकृती दिसली की समजायचं, पाना विहिरीवरच राहिला."

पुढे पुढे आप्पांनाच त्याची सवय लागली. एकदा मी माहेरी असताना पक्कड दुसऱ्या खिळ्याला लावली तर मला बोलणी बसली. भिंत अजून तशीच आहे. एक आकृती तेवढी रिकामी दिसते, चौदा-पंधराच्या पान्याची. तो सोबत घेऊन गेला की काय, आम्हाला कधी कळलं नाही. मी विचारायचं टाळते.

फोन रविवारी. आई पहिला प्रश्न विचारायची, जेवला का. दुसरा, "कव्हय येशी?" तिसरा नसायचाच. आई उन्हाळ्यात बिबड्या करायची आणि त्याच्या वाट्याचा एक डबा वेगळा काढायची. स्टीलचा, वर आप्पांचं नाव कोरलेला, माझ्या लग्नातला. कुणी सुट्टीवरून परत जाणारं भेटलं की त्याच्या हाती पाठवायची. शेवटच्या वेळी त्याने सांगितलं होतं, "आखाजीले येसू, माय."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर (खरबूज), आंबे, सांजोरी, खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि पितरांच्या नावाने आगारी. त्याच आखाजीला आम्ही मुली माहेरी येतो, झोका बांधतो. एकाच दिवशी दोन्ही. लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तो गेला त्याच्या पुढच्या आखाजीला भाऊबंदकीत दोन मतं पडली. बापाने पोराची घागर भरायची का? एक काका म्हणाले, लग्न झालेलं नव्हतं, भरू नये. दुसरे म्हणाले, सरकारने तिरंग्यात आणलेला माणूस, त्याची नाही भरायची तर कुणाची? वाद चालू असताना आई कुंभाराकडे जाऊन घागर घेऊन आली. कोणाला काही विचारलं नाही. पाणीही तिनेच भरलं.

झोका त्या वर्षी बांधला नाही. पुढच्या वर्षी माझ्या मुलीने हट्ट केला, तेव्हा आप्पांनीच दोर काढून दिला.

उधना, सुरत

मी त्याचा चुलत मामा. साडीच्या कारखान्यात आहे. आमच्या गल्लीत सगळा खान्देशच राहतो. तो एकदा पोस्टिंगवर जाता जाता एक रात्र थांबला. दहा बाय दहाची खोली, आम्ही सहा जण. मी म्हटलं, तुला सवय नसेल. म्हणे, मामा, बिलेटमध्ये, आमच्या राहायच्या खोलीत, याहून जास्त असतो. सकाळी उठून बघतो तर सगळ्यांच्या अंथरुणाच्या घड्या करून भिंतीशी रचलेल्या, कडेला कड. ती घडी मी शिकायचा प्रयत्न केला. जमत नाही.

शेवभाजीवाला, हायवे

सगळे लिहितायत शांत, शिस्तीचा, घडी घालणारा. ते सगळं नंतरचं. त्याच्या आधीचं कोणी लिहिणार आहे का नाही?

बोरीच्या पात्रात पूर्वी डांगराच्या वाड्या असायच्या. रात्री डांगरं कोण न्यायचं? हाच आणि धागा काढणारे हे साहेब. एकदा वाडीवाल्याने पकडलं तर हा म्हणतो, "काका, पिकलंय का ते बघत होतो, उद्या तुम्हाला तोडायला सोपं." त्या माणसाला हसू आलं म्हणून वाचले.

माझ्या हॉटेलात उधारी असायची. शेवभाजी तिखट पाहिजे, वर कच्चा कांदा, आणि भाकरी दादर ज्वारीचीच. भरती झाल्यावर पहिल्या सुट्टीत आला, वही मागितली आणि स्वतःच्या पानावरची बेरीज स्वतः केली. माझ्यापेक्षा चाळीस रुपये जास्त निघाली. मी म्हटलं, राहू दे. राहू दिली नाही. ती वही मी टाकली, त्याचं पान ठेवलं वगैरे काही नाही. वही गेली रद्दीत. पण चाळीस रुपयांची चूक माझी होती, हे इतक्या वर्षांनी कबूल करतो.

धागा काढणारा

डांगरांच्या बाबतीत माझा सहभाग फक्त टॉर्च धरण्यापुरता होता.

सोबत काम केलेला, शहादा तालुका, आता सेवेतून बाहेर

मी त्याच फ्लाइटलाइनवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, होतो. मी इलेक्ट्रिकल फिटर, तो इंजिनाचा. दोघं खान्देशी आहोत हे कळायला तीन आठवडे लागले. हिंदी बोलताना तो एकदा चुकून "आठे ठेव" म्हणाला आणि मी वळून बघितलं.

वरच्या भिंतीबद्दल वाचलं आणि थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. ती भिंत म्हणजे आमचा टूल बोर्ड. हँगरमध्ये प्रत्येक हत्याराची सावली रंगवलेली असते. काम सुरू करताना मोजायचं, संपल्यावर मोजायचं. एक पाना कमी भरला तर ते विमान उडत नाही. पाना मिळेपर्यंत सगळे शोधतात, मग रात्र होवो की पाऊस येवो. आत राहून गेलेला एक पाना किंवा एखादा नट हवेत काय करू शकतो, हे पहिल्या महिन्यात इतक्यांदा सांगतात की झोपेत आठवतं. सकाळी उजाडलं की आम्ही एका रांगेत, मान खाली घालून पूर्ण डांबरीवरून चालायचो. खडा, तार, खिळा, जे दिसेल ते उचलायचं. इंजिनाने ओढून घेऊ नये म्हणून. फॉड वॉक म्हणतात त्याला. नवखे कंटाळतात. हा खिशात खडे घेऊन यायचा आणि संध्याकाळी बिलेटच्या खिडकीत ओळीने लावायचा. मी विचारलं, हे कशाला? म्हणे, "आमच्या शेतात एवढे वेचले असते तर आप्पांनी मिठी मारली असती."

काम झाल्यावर फॉर्म सातशेवर सही करायची असते. मी हे काम केलं, हे यंत्र आता उडण्याजोगं आहे, अशी. ती सही बघून वैमानिक सही करतो आणि मग वर जातो. लोकांना वाटतं शौर्य म्हणजे वर जाणं. बाविसाव्या वर्षी त्या कागदावर सही करताना हात कसा होतो ते ज्याने केलंय त्याला विचारा. हा सही करण्याआधी एकदा दोन्ही हात कपड्याला पुसायचा, स्वच्छ असले तरी.

थंडीत भरीत करायची टूम त्याचीच. तिकडे आपली हिरवी भरताची वांगी कुठली मिळणार? जांभळी लहान मिळायची. ती तो हीटरवर भाजायचा आणि शिव्या द्यायचा वांग्यांना. तमिळ, बिहारी, पंजाबी सगळे खायचे. एक तमिळ सार्जंट अजून मला फोन केला की 'कसा शे?' विचारतो. एवढंच येतं त्याला.

आता जे लिहायचं ते. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंची यादी करतात. त्यासाठी रीतसर समिती बसते. मला मदतीला घेतलं, कारण मला मराठी वाचता येत होतं आणि चिठ्ठ्या होत्या. गणवेश किती, बूट किती, घड्याळ एक, पाकीट एक. कपाटात मागे स्टीलचा डबा निघाला. उघडला, अर्धा बिबड्यांनी भरलेला. लिहिणाऱ्याने विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, पापड. तो म्हणाला, खाण्याच्या वस्तू यादीत घेत नाहीत.

त्या रात्री आम्ही नऊ जणांनी त्या बिबड्या हीटरवर भाजल्या. कोणी बोललं नाही. आवाज होता तो फक्त चावण्याचा, आणि तो मोठा होता, बिबड्या कडक असतात.

देहासोबत मला पाठवलं. विमानाने ओझर, तिथून गाडी. चांदवड, मालेगाव, धुळे. फागण्यापासून पुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं. मुकटीला शाळेची पोरं रांगेत उभी, हातात कागदी झेंडे, ऊन तर असं. मी पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. धुळ्याच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं, डबा रिकामा आहे. आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत. गाडी थांबवून मी एका किराणा दुकानातून साखर घेतली आणि भरली. वर्दीतला माणूस साखर घेतोय आणि मागे तिरंगा, दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. मी ठेवून आलो.

शोकशस्त्र झालं, फैरी झाल्या, बिगुल झालं, तिरंग्याची घडी करून आप्पांच्या हातात दिली. ते सगळं ठरल्याप्रमाणे पार पडतं, त्याचा सराव असतो. डबा कसा द्यायचा याचा सराव नव्हता. मी चुलीपाशी नेऊन ठेवला आणि निघालो. आईंनी त्याचं काय केलं मला माहीत नाही. आठ वर्षं विचारायचं होतं.

बहीण

भाऊ, तुम्हीच होय ते! आम्हाला वाटायचं कुणा शेजारणीने आणून ठेवला. साखर आईने त्याच संध्याकाळी चहात टाकली. पाहुणे फार होते आणि घरातली संपली होती. डबा आता माझ्याकडे आहे, त्यात चहापावडर असते.

आखाजीला या. आईला सांगते.

निवृत्त सुभेदार, तोफखाना, एरंडोल

मी आर्मीचा, त्याला दोनदाच भेटलो. पण धाग्यात 'शहीद' शब्द येणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो. सरकारी कागदात हा शब्द नसतो. संसदेतही हे सांगितलं गेलं आहे. कागदावर असतं 'बॅटल कॅज्युअल्टी' किंवा 'फिजिकल कॅज्युअल्टी'. शत्रूच्या नाहीतर अतिरेक्याच्या हातून गेला तर पहिलं. सेवा बजावताना अपघातात गेला तर साधारणपणे दुसरं. त्यावर पुढचं सगळं अवलंबून. जवानाच्या पत्नीला पहिल्या प्रकारात शेवटच्या पगाराइतकं उदारीकृत निवृत्तिवेतन, दुसऱ्यात 60 टक्के, त्याला विशेष म्हणतात. अविवाहित असेल तर आईवडिलांचं प्रकरण आणखी निराळं. राज्याची मदत, जमीन, नोकरी यातही फरक पडतो.

हे आप्पांना कोणी सांगितलं नव्हतं. अंत्यविधीला भाषणं झाली, त्यात कोणी काय काय जाहीर केलं ते मी तिथे उभा राहून ऐकलं. नंतर एका कार्यालयात आप्पा पाच खेपा घालून आले. पाचव्या खेपेला टेबलामागचा माणूस म्हणाला, "तुमचा मुलगा त्या यादीत बसत नाही." आप्पांनी मला विचारलं, "सुभेदार, मग तो कोन्ही यादीमा बसस?" मी काय सांगणार? हवाई दलाकडून जे यायचं ते वेळेत आलं, गट विम्याचं आलं, त्यांची तक्रार पैशाची कधीच नव्हती.

फौजेत पंचवीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, शांततेच्या काळातही माणसं जातात. 25 जून 2013, केदारनाथचा पूर, गौरीकुंडजवळ हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर कोसळलं, वीस जण गेले. ते लोक यात्रेकरूंना काढत होते. त्यांना कुठल्या खणात टाकायचं हे कारकुनाला कळतं, मला कळत नाही.

नंदुरबार

आमच्या जिल्ह्याचा मिलिंद खैरनार, हवाई दलाच्या गरुड पथकातला. 11 ऑक्टोबर 2017, काश्मीरमध्ये बांदीपोऱ्याचं हाजिन. चकमकीत गेला, त्याच्यासोबत सार्जंट नीलेशकुमार नयन. मला आठवतं ते इथल्या लोकांचं कोडं. "हवाई दलवाला जमीनवर काय करत व्हता?" गरुड कमांडो 2004 पासून आहेत हे कुणाच्या गावीही नव्हतं. पुढच्याच महिन्यात त्याच भागात कॉर्पोरल ज्योतिप्रकाश निराला गेले, त्यांना अशोकचक्र मिळालं, तेव्हा जरा लोकांनी वाचलं.

नंदुरबारात आम्ही शिरीषकुमारच्या गोष्टीवर वाढलो. 1942, हातात तिरंगा, कोवळं वय. त्यामुळे हौतात्म्य म्हणजे चौक, झेंडा आणि गोळी, एवढंच चित्र डोक्यात असतं. फिटरचा पाना त्यात बसत नाही. या धाग्यामुळे जरा हललं ते.

पाचोरा, नाव नको

मी लिहावं की नाही हे दोन दिवस ठरत नव्हतं. माझ्या नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला लिही.

त्याचं स्थळ मला आलं होतं. बघायचा कार्यक्रम झाला. पोहे झाले, चहा झाला. सगळा वेळ हा वर छताकडे बघतोय. माझी आई आत येऊन म्हणाली, मुलगा लाजतोय. माझ्या मावशीला वाटलं घमेंडी आहे. शेवटी माझ्या वडिलांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का मुलीला? तर म्हणाला, "काका, पंखा बंद करता का? बेअरिंग गेलंय. पडायचा."

वडील जरा दुखावले. नंतर खूप हसले. स्थळ जुळलं नाही, त्याचं कारण पंखा नव्हता. त्याने स्वतःच कळवलं की पुढची दोन वर्षं कुठे असेन सांगता येत नाही, मुलीला ताटकळत ठेवणं बरं नाही. वडिलांना ते फार आवडलं आणि मला फार राग आला.

पंख्याचं बेअरिंग दुसऱ्या दिवशी बदललं. खरंच गेलेलं होतं.

भुसावळ, रेल्वे

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबामुळे मी अशा बातम्या वाचतो. 7 फेब्रुवारी 1968 ला चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-12 विमान रोहतांगच्या भागात नाहीसं झालं, 102 जण आत. 2003 मध्ये गिर्यारोहकांना अवशेष दिसले. 2024 च्या सप्टेंबरात आणखी चार देह काढले, म्हणजे 56 वर्षांनी. आणि 22 जुलै 2016 ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-32, 29 जण. त्याचे अवशेष बंगालच्या उपसागरात 3400 मीटर खोल आहेत हे जानेवारी 2024 मध्ये कळलं. त्या घरांत घागर कुठल्या वर्षी भरली असेल? वरचं भाऊबंदकीचं वाचून एवढंच डोक्यात आलं.

त्याच गावची, बारावी विज्ञान

मी त्यांना बघितलेलं आठवत नाही, मी खूप लहान होते. मी अग्निवीर वायूची तयारी करते. आता मुलींनाही घेतात. चार वर्षं, नंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम. कालव्यावर पळते, त्याच सरांकडे. माझी आई नाही म्हणते, कारण विचारलं की कमानीकडे बोट दाखवते.

म्हणून मी मागच्या महिन्यात मोठ्या मायकडे, म्हणजे त्यांच्या आईकडे गेले. म्हटलं, तुम्ही माझ्या आईला सांगा. त्या तूर निवडत होत्या. बराच वेळ निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "माले इचारू नको, बेटा. मी हा बी नही म्हनत नि नही बी नही म्हनत." मी उठले तर म्हणाल्या, थांब, आणि दोन बिबड्या भाजून दिल्या.

फॉर्म भरला आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचत नाही.

भरतीची पोरं पळवणारा

तुझ्या आईशी मी बोलतो. आणि उद्या सहाला नाही, साडेपाचला. आठ मिनिटं पाच सेकंद लागतायत तुला अजून.

धुळे

बहिणीने लिहिलेली भिंतीवरची ती चौदा-पंधराची आकृती. माझी विनंती आहे, ती रिकामीच राहू द्या. काही लोक अशी जागा जपतात. मला तर वाटतं शाळेतल्या फोटोऐवजी त्या भिंतीचा फोटो लावावा.

धागा काढणारा

काल संध्याकाळी मळ्यात जाऊन आप्पांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचे डोळे आता तितके चालत नाहीत, मोबाइलवर तर नाहीच. मोटर चालू होती म्हणून मोठ्याने वाचावं लागलं. आई दारात बसून ऐकत होती, साखरेच्या डब्याचं वाचताना एकदा उठून आत गेली, पुन्हा येऊन बसली.

शेवभाजीवाल्याच्या चाळीस रुपयांवर आप्पा हसले. पाचव्या खेपेवर म्हणाले, पाच नव्हे, सहा. पंख्याचं दोनदा वाचायला लावलं. पाचोऱ्याच्या ताईंना सांगायला सांगितलंय की ते स्थळ त्यांना पसंत होतं.

शेवटचा धुळ्याचा निरोप वाचला तर आप्पांनी भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "तो पाना हारपेल नही शे. मांगला साले शेजारना जिभाऊनी नेयेल शे, टॅक्टरसाठे. तुम्ही लोके काय काय लिखतस." आणि चपला घालता घालता, "मांगी लई येसू आते."

गेले की लगेच. मोटर बंद करायला मला सांगून गेले.